वरच्या मजल्यावरचा घोडा

“वर घोडा बांधलाय का हो तुम्ही? बांधला असेल तर सोडा त्याला. माझ्या वरणात छत पडलंय.”

खालच्या मजल्यावरच्या काकू अंगणात उभ्या राहून ओरडत होत्या. एका हातात वरणाचं पातेलं, दुसऱ्या हातात डाव, आणि डावात त्यांच्या छताचं प्लास्टर. तो तुकडा पापडाएवढा होता असं काकू आजही सांगतात. काकूंना वाढवून सांगायची सवय नाही, हाच त्यांच्यातला दोष. मी बाल्कनीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, तो चांगला परातीएवढा होता आणि त्यातून वाफ येत होती. आवाज तर असा की उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवरून सुटलेली इंदूरची गाडी ड्रायव्हरने परत आणून लावली असणार.

काकूंनी पहिली हाक मारली तेव्हा मी हॉलमध्ये हवेत होतो. समोर तांब्याला टेकवलेला फोन, फोनमध्ये एक हसरी मुलगी. ती दोन्ही हात वर करून उड्या मारत होती म्हणून मीही मारत होतो. तिची उडी झाली की तिच्याखालची चटईसुद्धा हलत नसे. माझी उडी झाली की देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजे. आता खाली यावं की नाही, हा प्रश्न मला त्या हवेतच पडला, आणि पुढचे कित्येक महिने मी तिथेच लटकलेला होतो असं समजायला हरकत नाही.

बायको माझ्याआधी बाल्कनीत पोचली होती. “काकू, घोडा नाही हो. हे आहेत.”

खाली डावातला तुकडा पुन्हा एकदा निरखला गेला. मग काकू म्हणाल्या, “मग घोडाच बरा होता की.”

हे सगळं सुरू झालं बायकोच्या रिटायरमेंटपासून. ती शाळेत शिकवायची, आणि ती पक्की उज्जैनची. तिचा कोणी पणजोबा-खापरपणजोबा दरबारात चाकरीला आला तो इथलाच झाला. मी बँकेच्या बदलीवर आलेला, जाईन-जाईन म्हणता जावई होऊन बसलेला. इथे दर वैशाखात पंचक्रोशी निघते. पिठामिठाची गाठोडी डोक्यावर घेऊन लोक भर उन्हात उज्जैनभोवती पाच दिवस पायी फिरतात, वाटेत गोवऱ्यांवर बाट्या भाजून खातात, झाडाखाली आडवे होतात आणि पुन्हा चालतात. आणि दर वैशाखात बायकोच्या पुढ्यात पोरांच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका असायच्या. हातात लाल पेन धरून ती खिडकीतून गाठोडी मोजल्यासारखी बघत राहायची. तिच्या आईवडिलांनी ही यात्रा जोडीने केली होती. तिलाही जोडीनेच करायची होती.

दिवाळीच्या आधी तिची नोकरी संपली. निरोपाची शाल घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाली, “या वैशाखात निघायचं.”

“निघू की,” मी म्हणालो. मी नेहमीच निघू की म्हणतो.

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मधे पोटाशी तिला बराच वेळ लागला. त्या दिवसांत मी उज्जैनात उभा राहिलो की माझं पोट देवासच्या हद्दीत जायचं. एक जिना चढून घरी आलो की दार उघडणारी बाई कोण, हे आठवायला मला दम खावा लागायचा.

“माझे गुडघे हा एक वैशाख धरतील,” ती म्हणाली. “पुढच्याचं मी सांगत नाही. आणि ऐकून ठेवा. वाटेत तुम्ही बसलात तर मी तुम्हाला टाकून पुढे जाणार नाही. तुम्ही बसलात की माझी यात्रा तिथे संपली.”

हे ती रागावून म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती मटार सोलता सोलता म्हणाली.

म्हणून मी पुण्याला लेकीला फोन लावला. “बाबा, जिमला जाऊ नका,” ती म्हणाली. “वर्षाची मेंबरशिप घ्याल आणि आठवड्यात सोडाल. घरी करा. मी प्रोग्रॅम पाठवते. घरी कोणी बघत नाही, कोणी हसत नाही.” लेक हुशार आहे, पण ती काकूंना विसरली.

वरणाच्या त्या प्रकारानंतर मी फ्रीगंजला गेलो. टावर चौकाजवळ साड्यांचं एक दुकान आहे, त्याच्यावर तिसऱ्या मजल्यावर जिम. लिफ्ट नाही. तो जिना कोणा गिर्यारोहकाने बांधलाय. पहिल्या मजल्यावर मला घाम आला, दुसऱ्यावर पूर्वज दिसले, आणि तिसऱ्यावर पोचलो तेव्हा माझा व्यायाम झालेला होता. तिथूनच परत फिरलो असतो तरी चाललं असतं. पण दारात ट्रेनर उभा होता. त्याचे दंड असे की दारातून यायला तो तिरका होतो.

“आइए अंकल. बैठना नहीं है, खड़े रहिए.”

आत चारी भिंतींना आरसे. घरी मी एकटाच जाडा होतो, इथे बघावं तिकडे मीच. समोर मी, मागे मी, कोपऱ्यात अर्धा मी. एवढ्या लोकांना घेऊन पंचक्रोशी करायची म्हटल्यावर मला घेरीच आली. त्याने मला चालायच्या पट्ट्यावर चढवलं आणि बटण दाबलं. मी चाललो, मग धावलो, मग नुसता जीव वाचवत राहिलो. माझ्या अंदाजाने नागद्याचं स्टेशन मागे पडलं होतं. उतरून खिडकीतून पाहिलं तर तोच टावर चौक, तीच गर्दी, आणि खाली मी येताना पाहिलेला तोच माणूस तीच साडी बदलून मागत होता.

इथे माझी खरी गडबड झाली. पंचक्रोशीत रस्ता जागेवर असतो आणि माणूस पुढे जातो. इथे माणूस जागेवर आणि रस्ता मागे. अशाने पायांना सवय कसली लागणार, चालण्याची की जागच्या जागी राहण्याची? हे मी ट्रेनरला विचारलं. तो म्हणाला, “अंकल, पंचक्रोशी है तो आपका लेग डे बढ़ा देंगे.” लेग डे म्हणजे फक्त पायांचा दिवस. पंचक्रोशीचे तर सगळेच दिवस पायांचे, असं मी म्हणालो. त्याला ते पटलं. मान हलवून त्याने मला दंडाच्या मशीनवर बसवलं.

“साल भर की लेंगे या छह महीने की?” निघताना त्याने विचारलं.

“सोच के बताता हूँ.”

घरी आलो तर घरचंच बरं वाटायला लागलं. घरी आरसा एकच आणि तोही लहान. शिवाय काकूंनी मध्यंतरी परवानगी दिली होती. “उडा, पण माझ्या चुलीवर काही नसेल तेव्हा उडा. मी खालून सांगत जाईन.” त्यांनी जळमटं काढायची लांब काठी घेतली. छताला एक ठोका म्हणजे सुरू करा, दोन म्हणजे थांबा. फोनमधली मुलगी गोड हसून म्हणे, “फाइव्ह मोर.” खालून काठी म्हणे, ठक ठक. दोघींच्या मधे एक पाय वर धरून मी. एकदा तर मी त्याच अवस्थेत पोस्टमनला दार उघडलं. मग वाटे, नको, जिमच बरी.

बायकोची स्कूटर संध्याकाळी बायकोला लागते, आणि फ्रीगंजमध्ये स्कूटर उभी करायला जागा मिळणं म्हणजे आकाशात दुकान मिळण्यासारखं. म्हणून मी पायीच जायचो. साड्यांच्या दुकानाखाली उभा राहून वरच्या खिडक्यांकडे बघायचो. वर जावं की न जावं हे ठरवायचो. ठरायचं नाही. मग पायी परत. घरी येऊन चटई पसरायची तोवर काकूंचा कुकर चढलेला. चटई गुंडाळून पुन्हा फ्रीगंज. साडीवाल्याला वाटलं, माझ्या घरी लग्न आहे आणि मी साड्यांचे भाव बघून राहिलोय. त्याने मला दोनदा चहा पाजला.

बायको काही विचारत नव्हती. ती शाळेतली जुनी गाइडं फडक्यात बांधून, ते गाठोडं डोक्यावर घेऊन, सकाळी गच्चीवर फेऱ्या मारायची. गंमत म्हणजे तिच्या पावलांची काकूंनी एकदाही तक्रार केली नाही.

“बाबा, ठरलं का?” लेक फोनवर विचारायची.

“ठरतंय.”

माघ आला तरी ठरतच होतं. एक दिवस तवा आणायला पटनी बाजारात गेलो आणि समोर नागचंद्रेश्वराचं देऊळ दिसलं. आता ही गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. पंचक्रोशीला निघताना इथे नारळ वाहून देवाकडून बळ मागून घेतात. ते बळ यात्रेपुरतं. यात्रा पुरी झाली की देवापुढे मातीचे घोडे ठेवायचे आणि बळ परत करायचं. लोकांचं हे असंच चालत आलंय, आणि कोणाला त्यात काही अवघड वाटत नाही.

तव्यासकट मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. घर आणि जिम यांच्यात मी एवढे महिने भरडतोय, आणि तिसरी सोय इथे गल्लीत आहे. वैशाखात मिळणारच आहे ते माघात घेतलं तर बिघडलं कुठे? आत्ता घ्यावं, अंगात मुरवावं, वैशाखापर्यंत चांगलं जुनं होऊ द्यावं. मी नारळ घेतला.

पुजारी फोनवर काही बघत होता. त्याने मान वर केली. “इतनी जल्दी?”

“तैयारी के लिए,” मी म्हणालो.

त्याने नारळ फोडला. बळ मिळालं. मिळालं म्हणजे काय, पाठीतून नुसतं सळसळत गेलं. गोपाल मंदिराजवळ रस्त्यात एक सांड आडवा उभा होता, मी त्याच्याकडे पाहिलं तर तो बाजूला झाला. घरी आलो तो भरलेला गॅसचा सिलिंडर एका हाताने जिन्यावरून वर नेला. तो रिकामा होता असं काकूंचं म्हणणं आहे. काकूंचं काय, त्यांना छतसुद्धा पापडाएवढं दिसतं.

पण मग नवीनच पेच उभा राहिला. हे बळ खर्च कुठे करायचं, घरी उड्या मारण्यात की जिमच्या मशीनवर? आणि आत्ता खर्च केलं तर वैशाखात हातात काय राहणार? नोकरी बँकेत गेलेली, ठेव मोडायला हात धजेना. मी दोन्हीकडचा व्यायाम बंद केला आणि बळ सांभाळत सोफ्यावर आडवा राहिलो. जिना उतरणंसुद्धा मला उधळपट्टी वाटायला लागली.

शेवटी न राहवून बायकोला सांगितलं. मला वाटलं खूष होईल.

“घेतलंत?” ती म्हणाली.

“घेतलं.”

“आणि घोडे?”

“घोडे यात्रा झाल्यावर.”

“यात्रा कुठाय? ते चालायला देतात. तुम्ही ते घरी आणून सोफ्यावर झोपवलंत.”

तिच्या माहेरची रीत आहे. शेजारून वाटीभर साखर आणली तर दिवेलागणीच्या आत वाटी परत जाते, आणि रिकामी जात नाही. माणसाचं उसनं जिथे एक संध्याकाळ ठेवत नाहीत तिथे हे देवाचं. ती तशीच गच्चीवर गेली. तिथलं गाठोडं खाली आणलं, सोडलं आणि गाइडं परत कपाटात रचायला लागली.

“हे काय?”

“देवाचं उसनं घरात ठेवून मी यात्रेला निघणार नाही. आधी ते परत करा.”

मी तसाच उठलो. पण पटनी बाजारात एकाही दुकानात मातीचा घोडा नाही. ते यात्रेच्या दिवसांतच येतात. एक कुंभार म्हणाला, “अभी कहाँ घोड़े बाबूजी, मटका ले जाओ.” मटक्यात बळ परत करता येतं का, हे विचारायला मी देवळात गेलो. पुजाऱ्याने या वेळी फोन बाजूला ठेवला.

“वैशाख में घोड़े आएँगे तब पुराना लौटा देना, फिर नया ले लेना,” तो म्हणाला. “तब तक काम में लो भैया. पड़ा-पड़ा खराब हो जाएगा.”

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बायकोने विचार केला. एक गाइड पुन्हा कपाटातून काढलं, मग दुसरं.

“ठीक,” ती म्हणाली. “मग आता रोज संध्याकाळी त्याला फिरवून आणत जा.”

घोड्याला फिरवतात तसा मी देवाचं बळ फिरवायला लागलो. फ्रीगंज, तिथून पुढे कधी राम घाट, आणि परत. टावर चौकातून जाताना ट्रेनर वरच्या खिडकीतून हाक मारायचा. “अंकल, ऊपर?”

“आज नहीं. बल घुमाने निकला हूँ.”

तो खांदे उडवायचा. “जूते तो ढंग के ले लो.”

ते मात्र मी ऐकलं. बूट घेतले.

वैशाखात आम्ही पहाटेच देवळात उभे राहिलो. आधी जुन्याचे घोडे ठेवले, मग नव्याचा नारळ वाहिला. पुजाऱ्याने मला ओळखलं आणि हसू दाबलं. गाठोडी डोक्यावर चढली आणि निघालो. ऊन असं होतं की सावल्याच माणसांच्या आडोशाला येत होत्या. मी कणीक मळली तर ती माझ्या हातातच शेकली आणि गोवऱ्या वाचल्या. पहिला दिवस मी नुसता बोलत होतो. दुसऱ्या दिवशी बोलायचं कमी केलं. बूट चावत होते, पण मी बसत नव्हतो. एखादा दगड दिसला, बसावंसं वाटलं, की मला ते मटार आठवायचे.

तिसऱ्या दिवशी बायको बसली.

एका बाभळीच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत तिने गाठोडं उतरवलं आणि खाली बसली. “गुडघा,” म्हणाली. एवढंच. रस्त्याकडे बघत राहिली. लोक जात होते, ‘जय महाकाल’ म्हणत होते, तीही म्हणत होती.  एवढे महिने सगळी काळजी मी बसलो तर काय, याची होती. ती बसली तर काय करायचं हे आमचं ठरलेलंच नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो, मग बसायचं नाही हे आठवून उभा राहिलो, मग पुन्हा बसलो.

“तुम्ही जाऊन या,” ती म्हणाली.

“मी एकटा कुठे जाऊन येऊ?”

तिने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. तिचे डोळे खिडकीतून गाठोडी बघायची तेव्हा असायचे तसे होते. मी माझं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि तिचं त्याच्यावर ठेवलं.

“पडाल.”

“पडलो तर बघू.”

मी हात पुढे केला. तिने तो धरला, उठली, आणि माझ्या खांद्याला धरून चालायला लागली. आम्ही अगदी हळू चाललो. सगळे पुढे निघून गेले. थांबत होतो, पाणी पीत होतो, पुन्हा चालत होतो. मुक्कामावर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि बाट्या बाकीच्यांच्या होऊन गेल्या होत्या. पुढच्या दोन दिवसांतही दोन्ही गाठोडी माझ्याच डोक्यावर राहिली. वरच्या गाठोड्यात तवा होता. इथे मी काही वाढवलेलं नाही, म्हणून हे थोडक्यात उरकतंय.

यात्रा पुरी झाली. राम घाटावर ती पाण्यात उतरली ती बराच वेळ बाहेर यायला तयार नव्हती. मी पायरीवर बसलो होतो. आता बसायला हरकत नव्हती.

प्रश्न आला घोड्यांचा. बळ परत करायचं, पण ते होतं कोणाचं? देवाचं म्हणावं तर दोन गाठोड्यांचं मी मागितलंच नव्हतं. जिमचं म्हणावं तर तिथे मी जिनाच जास्त चढलो. घरच्या प्रोग्रॅमचं म्हणावं तर तो काकूंच्या काठीने अर्ध्यावर आणून ठेवलेला. फ्रीगंजच्या फेऱ्यांचं म्हणावं तर त्या मी व्यायाम म्हणून मारल्याच नव्हत्या, मी फक्त ठरवत होतो. बायकोला विचारलं तर म्हणाली, “पाय धुऊन घ्या आधी.” मला काही उलगडेना, म्हणून मी घोडे जरा जास्तच घेतले. देवापुढे ठेवले आणि उरलेले पिशवीत घातले.

एक ट्रेनरला नेऊन दिला. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा मला दम लागला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने घोडा पावडरच्या डब्यांशेजारी उभा केला, लांबून बघितला आणि म्हणाला, “बढ़िया है. तो अंकल, साल भर की?”

“सोच के बताता हूँ.”

शेवटचा घोडा घेऊन काकूंकडे गेलो. त्या स्वयंपाकघरात होत्या, वर छताला ते भगदाड तसंच. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. देवाचं बळ, सांडाने सोडलेला रस्ता, बाभळ. सांगता सांगता माझ्या डोक्यावर दोन गाठोडी होती ती चार झाली, आणि शेवटच्या मुक्कामाला तर बायकोही वर जाऊन बसली होती. आणि म्हणालो, काकू, या सगळ्यात तुमच्या काठीचाही वाटा आहे, तुम्ही मला घरात उडू दिलं असतं तर मी रस्त्यावर आलोच नसतो, म्हणून तुमचं हे बळ परत करायला आलोय.

काकूंनी घोडा हातात घेतला, उलटा करून खालून बघितला आणि डब्यांच्या फळीवर ठेवला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “प्लास्टरचं तेवढं बघा.”